फोटो पाहण्या-दाखवण्यासाठी टॅबलेट घेताना



दिवाळी जवळ आली की किंवा भारताची तिकिटे काढली की मंडळाच्या कार्यक्रमात हमखास कानावर येणारा प्रश्न: "आई-बाबांसाठी टॅबलेट न्यायचा आहे, नातवंडांचे फोटो मोठे दिसले पाहिजेत, कुठला घेऊ?" उत्तर म्हणून प्रत्येकजण आपापल्या घरातल्या टॅबलेटचे नाव सांगतो आणि विषय बटाटेवड्यांकडे वळतो.

आमच्याही घरी असेच झाले. काही वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याला आई-बाबांकडे एक चांगला, महागाचा टॅबलेट नेला. सगळे फोटो त्यात भरले, इथल्या संगणकातली जागा मोकळी केली आणि निश्चिंत होऊन परत आलो. वर्षभरातच तो टॅबलेट कपाटात गेला, कारण नवे फोटो येत होते आईच्या फोनवर, टॅबलेटवर नाही. पुढे बाबा गेले. भिंतीवर लावायला त्यांचा फोटो हवा होता. दिवाळीच्या दिवशी अंगणात काढलेला, आठ जणांमधला, मनापासून हसणारा असा एक होता. पण त्याची मूळ प्रत त्या टॅबलेटमध्येच होती आणि टॅबलेट सुरूच होईना. शेवटी मिळाली ती व्हॉट्सॲपवरून फिरलेली लहान प्रत. आठ जणांतून बाबांचा चेहरा कापून मोठा केला तर सगळा धुरकट!

टॅबलेट वाईट नव्हता, आमचा हिशेब चुकला होता. टॅबलेट म्हणजे फोटोची चौकट, तिजोरी नव्हे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढची निवड बरीच सोपी होते.

आधी तीन प्रश्न

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर तीन उत्तरे लिहून काढा.

१. फोटो कोण पाहणार? सत्तरीतल्या आजी, की घरातले सगळे, की पाहुण्यांना दाखवण्यासाठी तुम्ही स्वतः?
२. फोटो टॅबलेटपर्यंत कसे येणार? आपोआप, की कोणीतरी रोज पाठवणार?
३. मूळ प्रती कुठे राहणार? (उत्तर "टॅबलेटमध्येच" असेल तर खरेदी आठवडाभर पुढे ढकला!)

पडदा: आकडे आणि त्यांचा अर्थ

आकार: हातात धरून पाहण्यासाठी ८ इंच चालतो. टेबलावर उभा करून दोघा-तिघांनी पाहायचा असेल तर १० ते ११ इंच हवा. त्याहून मोठा टॅबलेट वयस्कर हातांना जड होतो.

प्रमाण: याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. बहुतेक फोनचे फोटो ४:३ या प्रमाणात असतात. पुष्कळ अँड्रॉइड टॅबलेटचा पडदा मात्र १६:१० असतो, म्हणजे सिनेमासाठी लांबट. अशा १०.१ इंची पडद्यावर ४:३ चा आडवा फोटो लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि फोटो प्रत्यक्षात साधारण ८.९ इंचांचाच उरतो. आयपॅडचा पडदा ४:३ च्या जवळ असल्याने १०.९ इंची आयपॅडवर तोच फोटो १०.३ इंचांच्या आसपास दिसतो. सिनेमे जास्त पाहायचे असतील तर लांबट पडदा बरा, फोटोच पाहायचे असतील तर चौकोनाकडे झुकणारा.

बारकावा: १०.१ इंचांच्या पडद्यावर १२८० बाय ८०० ठिपके असतील तर इंचाला जेमतेम १५० पडतात आणि जवळून पाहताना अक्षरे व चेहरे किंचित ओबडधोबड वाटतात. १९२० बाय १२०० असेल तर इंचाला सुमारे २२४, ते पुरेसे आहेत. सध्याच्या साध्या आयपॅडवर २६४ आहेत. त्यापुढच्या आकड्यांसाठी जास्तीचे पैसे मोजण्याची फोटोंसाठी तरी गरज नाही.

एलसीडी की ओएलईडी? ओएलईडी पडद्यावर काळा रंग गडद आणि रंग खुलून दिसतात. परंतु एकच चित्र किंवा घड्याळ तासन् तास दाखवत ठेवले तर त्याचा डाग पडद्यावर राहू शकतो. टॅबलेट दिवसभर चौकटीसारखा चालू राहणार असेल तर आयपीएस जातीचा एलसीडी पडदा घ्यावा. तो बाजूने पाहिले तरी फिका पडत नाही, म्हणजे सोफ्यावर टोकाला बसलेल्या मावशींनाही फोटो नीट दिसतो.

दुकानात सगळे पडदे भडक उजेडात आणि पूर्ण प्रकाशावर ठेवलेले असतात. प्रकाश निम्मा करून, आपल्याच फोनमधला घरातला एखादा फोटो त्यावर उघडून पाहा. खरी पारख तिथे होते.

साठवण: किती जीबी लागतात?

१२ मेगापिक्सेलचा फोनचा फोटो साधारण २ ते ४ एमबीचा असतो. सरासरी ३ एमबी धरली तर १ जीबीत तीनशेच्या वर फोटो बसतात. ६४ जीबीच्या टॅबलेटमध्ये त्याची स्वतःची प्रणाली आणि ॲप वगळून ४० जीबी मोकळे राहिले, तर त्यात सुमारे १३ हजार फोटो मावतात. फक्त फोटोंसाठी हे भरपूर झाले. जागा खातात ते व्हिडिओ. बारशापासून अरंगेत्रमपर्यंत सगळे चित्रीकरण ठेवायचे असेल तर १२८ जीबी घ्या.

पुष्कळ अँड्रॉइड टॅबलेटमध्ये मायक्रो-एसडी कार्डाची खाच असते, आयपॅडमध्ये नसते. कार्डाचा फायदा असा, की इथे फोटो भरून कार्ड भारतात पाठवता येते आणि वाय-फाय नसले तरी फोटो दिसतात.

कोणता घ्यावा?

आयपॅड: घरात सगळ्यांकडे आयफोन असतील तर सरळ हाच. २०२५ मध्ये आलेला ए-१६ चिपचा साधा आयपॅड १२८ जीबीपासून सुरू होतो, आणि बाजारात आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ३४९ डॉलरपासून होती. फोटोंसाठी 'एअर' किंवा 'प्रो' घेण्याचे कारण नाही. एक उणीव: २०१० च्या पहिल्या आयपॅडवर कुलूपबंद पडद्यावरच फोटो फिरवणारी 'पिक्चर फ्रेम'ची सोय होती, ती २०१३ च्या आयओएस ७ पासून काढून टाकली गेली. आता अल्बम उघडून स्लाइड-शो सुरू करावा लागतो.

सॅमसंग गॅलेक्सी टॅब: घरात अँड्रॉइड फोन असतील तर हा सोयीचा. 'ए' मालिका स्वस्त आणि फोटोंसाठी पुरेशी आहे. उदाहरणार्थ, ए-९ प्लसमध्ये ११ इंची, १९२० बाय १२०० चा एलसीडी पडदा आणि मायक्रो-एसडीची खाच आहे. मेनू मराठीत करता येतात, ही आजी-आजोबांसाठी मोठी सोय.

अमेझॉन फायर एचडी १०: स्वस्तात चांगला पडदा. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये प्राइमचे सभासद असाल तर अमेझॉन फोटोजमध्ये छायाचित्रे मूळ दर्जात, संख्येची मर्यादा न ठेवता साठवता येतात (व्हिडिओंना मात्र मर्यादा आहे). पण फायरवर गूगलचे ॲप-दुकान बसवलेले येत नाही आणि स्वस्त आवृत्तीच्या कुलूपबंद पडद्यावर जाहिराती दिसतात. इथे स्वयंपाकघरात ठेवायला ठीक, भारतात आईला भेट द्यायला नको.

गूगल पिक्सेल टॅबलेट: २०२३ मध्ये आलेल्या या टॅबलेटबरोबर चुंबकाने चिकटणारा, चार्जिंग करणारा स्पीकर-स्टँड मिळत असे. स्टँडवर ठेवला की गूगल फोटोज आपोआप फिरू लागतात. जुना, चांगल्या स्थितीतला मिळाला तर स्टँडसकट घ्या, त्यातच त्याची मजा आहे.

घरातला जुना टॅबलेट: चौकट म्हणून जरूर वापरा, पण आजची ॲप त्यावर बसतात का ते आधी पाहा. पहिला आयपॅड आयओएस ५.१.१ च्या पुढे कधीच गेला नाही. शिवाय २०१७ पासून आयफोन फोटो 'एचईआयसी' प्रकारात साठवतो आणि अँड्रॉइड ९ च्या आधीचे टॅबलेट तो प्रकार सहसा उघडत नाहीत. जुन्या टॅबलेटसाठी असे फोटो जेपीईजी करून पाठवावे लागतात.

डिजिटल फोटो-फ्रेम: आजींना फक्त पाहायचेच असेल, बोलायचे किंवा उत्तर द्यायचे नसेल, तर वाय-फायवर चालणारी फोटो-फ्रेम टॅबलेटपेक्षा सोपी. एकदा लावली की कशालाही हात लावावा लागत नाही. घेण्यापूर्वी एवढे विचारा: कंपनीची सेवा बंद पडली तर कार्डावरचे किंवा आतले फोटो दिसत राहतील का?

फोटो पोहोचवायचे कसे?

आमचा टॅबलेट कपाटात गेला तो याच ठिकाणी. पाठवण्याचे काम माणसाकडे राहिले की दोन महिन्यांत थंडावते. म्हणून जमेल तितके आपोआप होऊ द्या.

गूगल फोटोज: 'नातवंडे' नावाचा एक सामायिक अल्बम करा. जिथे चेहरे ओळखण्याची सोय सुरू आहे तिथे ठरावीक चेहऱ्यांचे नवे फोटो त्यात आपोआप जातील असेही करता येते. अँड्रॉइड टॅबलेटच्या स्क्रीन सेव्हरमध्ये गूगल फोटोज निवडले की चार्जिंगला लावल्यावर फोटो फिरू लागतात. अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, हे लक्षात असू द्या. आता १५ जीबी मिळतात आणि त्यात जीमेलही आले.

ॲपलचे सामायिक अल्बम आणि आयक्लाउड: आयफोन-आयपॅडच्या घरात हे सर्वांत सोपे. आयक्लाउडवर फुकट जागा ५ जीबीच मिळते. २०२२ च्या आयओएस १६ पासून एकूण सहा जणांना एकच सामायिक फोटो-संग्रह वापरता येतो. त्यात एकाने खोडलेला फोटो सर्वांकडून जातो, म्हणून आजींना संग्रहात घेण्याऐवजी वेगळ्या अल्बममध्ये घ्यावे.

व्हॉट्सॲप: रोजच्या गमतीजमतींसाठी उत्तम. आता अँड्रॉइड टॅबलेटवर आणि मे २०२५ पासून आयपॅडवरही त्याचे स्वतंत्र ॲप आहे, फोनच्या खात्याला जोडून दोन्हीकडे चालते. परंतु व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवते. फोनवर ४०३२ बाय ३०२४ ठिपक्यांचा असलेला फोटो साध्या दर्जात पोहोचतो तेव्हा लांब बाजूला साधारण १६०० ठिपके उरतात. त्यावरून २० इंची छपाई केली तर इंचाला फक्त ८० ठिपके मिळतात. मूळ प्रतीवरून मिळाले असते २००. आमच्या बाबांच्या फोटोचे जे झाले ते याच गणितामुळे. शिवाय फोटो केव्हा आणि कुठे काढला ही आत दडलेली माहितीही वाटेत गळून जाते. २०२३ पासून 'एचडी' पर्याय आहे, तो थोडा बरा. मूळ फोटो जसाच्या तसा पाठवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

एक सावधगिरी: 'लिंक असणाऱ्या कोणालाही दिसेल' असा अल्बम केला तर ती लिंक नातेवाइकांच्या पाच ग्रुपांत फिरायला वेळ लागत नाही. मुलांचे फोटो नाव घालून, ठरावीक माणसांनाच दाखवा.

भारतात नेणार असाल तर

१. चार्जर: त्यावर १००–२४० व्होल्ट लिहिलेले असेल तर भारताच्या २३० व्होल्टवर तो चालतो, ट्रान्सफॉर्मर लागत नाही. फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. त्यापेक्षा भारतातच चांगल्या कंपनीचा यूएसबी चार्जर घ्या, सैल अडॅप्टरमधून ठिणग्या उडतात.

२. वॉरंटी: इथे घेतलेल्या वस्तूची वॉरंटी तिथे चालते का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारा. बरेचदा भारतातल्या दुकानातून थेट घरी मागवणे शहाणपणाचे ठरते. दुरुस्ती गावाजवळ होते आणि बिलही तिथलेच असते.

३. प्रवास: टॅबलेट हातातल्या सामानात ठेवा. बॅटरीच्या वस्तू चेक-इन बॅगेत टाकू नयेत. पेटीबंद नवी वस्तू नेताना त्या वर्षीची सीमाशुल्काची सवलत पाहून घ्या.

४. खाते: आई-बाबांच्या नावाने वेगळे खाते उघडा, आपलेच त्यात घालू नका. पडताळणीचा फोन नंबर त्यांचा भारतातला द्या, पर्यायी ईमेल आपला. नाहीतर साताऱ्यात सकाळी अकराला टॅबलेट सांकेतिक अंक मागतो आणि ते अंक न्यू जर्सीत मध्यरात्रीनंतर तुमच्या उशाखालच्या फोनवर येऊन पडतात! पासवर्ड वहीत लिहून ती वही देवघराच्या खणात ठेवायला सांगा. दोन वर्षे न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागले आहे, तेव्हा खाते वापरात राहू द्या.

५. शिकवणी: निघण्याच्या आदल्या रात्री नको, पहिल्याच दिवशी सुरू करा. पडद्यावर तीनच चिन्हे ठेवा: फोटो, व्हॉट्सॲप, यूट्यूब. अक्षरे मोठी करा. आपण करून दाखवू नका, त्यांच्या हातून करवून घ्या. टॅबलेट उभा राहील असे कव्हर आणि खुर्चीजवळ चार्जिंगची कायमची जागा, या दोन गोष्टींवर तो वापरला जाणार की नाही हे बरेचसे ठरते.

दिवसभर चालू ठेवायचा असेल तर

कायम चार्जिंगला लावलेल्या, गरम राहणाऱ्या टॅबलेटची बॅटरी लवकर खराब होते आणि कधी कधी फुगते. सॅमसंगमध्ये 'बॅटरी प्रोटेक्शन' सुरू करा, काही नव्या आयपॅडमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आहे ती वापरा. जुना टॅबलेट असेल तर टायमरचा प्लग लावून दिवसातून दोन-तीन तासच वीज द्या. उन्हात, फ्रिजवर किंवा गॅसजवळ ठेवू नका. पडदा कडेने उचललेला दिसला किंवा पाठ फुगली तर ताबडतोब वापर थांबवा.

आणि मूळ प्रती?

फोटोंसाठी जुना, साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात घराघरांत पाणी शिरले, तेव्हा कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या वस्तू सर्वांत आधी भिजल्या. आपल्याकडे अल्बम ठेवतात ते बहुधा तिथेच. इथेही आग, वादळ, चोरी काही चुकत नाही. पण परदेशात राहणाऱ्यांना एक गोष्ट अनायासे लाभली आहे: आपले 'दुसरे ठिकाण' समुद्रापलीकडे तयारच आहे.

तेव्हा एक प्रत इथल्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर आणि एक डिस्क भारतातल्या घरी. दर भारतवारीत डिस्कांची अदलाबदल करा. परतताना आई-बाबांचे जुने अल्बमही स्कॅन करून आणा. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की ३६०० बाय २४०० ठिपक्यांचा होतो, तो टॅबलेटवर सुरेख दिसतो आणि पुन्हा मोठा छापताही येतो. मागे पेन्सिलीने लिहिलेली नावे आणि साल त्याच वेळी विचारून नोंदवा. फोटोतल्या लोकांना ओळखणारे दरवर्षी कमी होत असतात.

आणि हे विसरू नका, की क्लाउडशी जोडलेला टॅबलेट म्हणजे बॅकअप नव्हे. तिथे चुकून खोडलेले सगळीकडून खोडले जाते. ॲपलच्या फोटो ॲपमध्ये खोडलेला फोटो साधारण ३० दिवस परत मिळतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला ६० दिवस. त्यानंतर नाही.

खरेदीची यादी (छापून जवळ ठेवा)

• १० ते ११ इंच, निदान १९२० बाय १२०० ठिपके, आयपीएस एलसीडी
• ६४ जीबी (व्हिडिओ असतील तर १२८), शक्य तर मायक्रो-एसडीची खाच
• घरातल्या बहुतेकांचे फोन ज्या जातीचे, टॅबलेटही त्याच जातीचा
• उभे राहणारे कव्हर आणि तिथल्या विजेला चालणारा चार्जर
• आई-बाबांच्या नावाचे खाते, त्यांचाच फोन नंबर, वहीत पासवर्ड
• आपोआप भरणारा एक सामायिक अल्बम
• मूळ फोटोंच्या तीन प्रती, टॅबलेट सोडून!

आमच्या आईकडे आता साधा, मध्यम किमतीचा टॅबलेट आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून दूर, देवघराच्या बाजूच्या टेबलावर उभा असतो. सकाळी चार्जिंगला लावला की फोटो फिरू लागतात आणि पूजा करता करता आई म्हणते, "अगं बाई, कालच दात पडला वाटतं हिचा!" मग फोन येतो. बाबांचा तो फोटो मात्र भिंतीवर लहानशा चौकटीतच आहे. त्याहून मोठा तो होत नाही.

या भारतवारीला निघण्यापूर्वी मूळ फोटोंची एक प्रत नक्की करून ठेवा. टॅबलेट काय, पुढच्या वर्षीही मिळेल. आपले अनुभव आणि शंका मंडळाकडे जरूर कळवा.